उंदरासाठी आणलेले मांजर

ज्या घरात धान्य साठते तेथे उंदीर यावयाचा आणि उंदीर आला की मांजर यावयाचे, हा क्रम फार जुना आहे. सायप्रस बेटावरील सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात मनुष्याच्या शेजारीच पुरलेले मांजर मिळाल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा आपल्या आजीबाईंनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मनीसाठी दुधाची वाटी ठेवली, ती काही नवी रीत नव्हे. शिंक्यावरची झडप, दुधातुपाची नासाडी, कणगीतल्या धान्यात केलेली घाण हे सारे गृहिणी मुकाट्याने सोसते, ते केवळ उंदरांच्या भयामुळे.

मुखेडच्या बाजूस ह्या भयाला आणखी एक कारण आहे. नांदेड जिल्ह्यातील हा तालुका बालाघाटाच्या डोंगररांगांत वसलेला. शेतीवाडीत नाग, मण्यार, घोणस ह्यांचा वावर. उंदरामागोमाग साप घरात शिरतो, हे तेथील पोरासोरांसही ठाऊक असते. मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे ह्यांनी सर्पदंशाच्या रोग्यांवर दीर्घकाळ उपचार केले आणि त्या कामामुळे ह्या आडवळणाच्या गावाचे नाव दूरवर गेले. जेथे साप हा वर्तमानपत्रातला नव्हे, तर माजघरातला विषय आहे, तेथील कुटुंबास 'मांजर पाळू नका' असा उपदेश शहरातल्या खुर्चीवरून करणे शोभत नाही. आम्हीही तो करणार नाही.

प्रश्न पाळलेल्या मांजराचा नसून सोडलेल्या मांजराचा आहे. मांजर मारले तर काशीस सोन्याचे मांजर दान करावे लागते, अशी आपल्याकडे समजूत. शिवाय ते षष्ठीदेवीचे वाहन. म्हणून आपण मांजर मारीत नाही, हे चांगलेच. परंतु मनी व्याली आणि पिले मोठी होऊन भांड्यांत तोंड घालू लागली, की घरातला गडी किंवा एखादा मुलगा ती पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडून येतो. हिंसा घडली नाही आणि सोन्याचे मांजरही वाचले! त्या पिलांपैकी बहुतेक कुत्र्यांच्या तोंडी सापडून, उपासमारीने अथवा रोगाने मरतात. जी जगतात ती माणसास बुजू लागतात आणि उकिरडे, बाजाराची जागा, शेतातले गोठे ह्यांच्या आश्रयाने रानटी बनतात. मांजरी पाच-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते. गर्भकाळ अवघा नऊ आठवड्यांचा. वर्षाकाठी दोन-तीन वेळा ती विते आणि दर वेळी तीन-चार पिले होतात. एका पोत्यातून किती मांजरे निघतात, ह्याचा हिशेब वाचकांनीच करावा.

बरे, ह्या मांजरांनी शिवारातले उंदीर तरी संपवावेत! न्यूयॉर्क शहरातील एका भंगारखान्यात उंदरांची मोठी वसाहत होती आणि भटकी मांजरेही होती. तेथे ७९ दिवस पाळत ठेवून केलेले निरीक्षण २०१८ साली प्रसिद्ध झाले. एवढ्या काळात मांजरांनी मारलेले उंदीर होते दोन. लहान चिचुंदरी एवढा उंदीर मांजर आनंदाने पकडते. थोराड उंदराच्या किंवा घुशीच्या वाटेस ते सहसा जात नाही. सोपी शिकार जवळ असता कोण अवघड शिकार करील? टिटवी, चंडोल, तितर, लावा हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. घराजवळ म्हणाल तर चिमणीचे नुकते उडू लागलेले पिलू, खार, सरडा, पाल. पाल नाहीशी झाल्याचे दुःख कोणी करणार नाही, परंतु दिव्याभोवतीचे किडे वेचणारी तीच. मांजराची शिकार भुकेवर अवलंबून नसते. पोट भरलेले असले तरी ते झडप घालते.

रानात त्याचे भाऊबंदही आहेत. बाऊल म्हणजे रानमांजर आणि वाघाटी हे चिमुकले मार्जार, ह्या दोहोंस १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. महाराष्ट्रात ऊसतोडीच्या वेळी वाघाटीची पिले फडात सापडतात आणि लोक ती बिबट्याची अथवा घरमांजराची समजतात. गावातून आलेली मांजरे ह्यांच्या भक्ष्यात वाटा मागतात आणि आपले रोगही बरोबर नेतात.

दक्षिण महासागरातील मॅरियन बेटाची हकीकत आमच्या मुद्द्याशी अगदी जुळणारी आहे. तेथील हवामानकेंद्रात उंदीर फार झाले म्हणून १९४९ साली पाच मांजरे नेली. १९७७ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ३,४०० झाली आणि ती दरसाल साडेचार लाखांच्या आसपास समुद्रपक्षी मारीत, असा अंदाज निघाला. रोगाचे विषाणू, बंदुका, सापळे असे सर्व उपाय करून १९९१ साली शेवटचे मांजर संपले. उंदीर मात्र आजही तेथे आहेत, आणि ते पक्ष्यांवर हल्ले करतात!

मुखेड हे बेट नव्हे. येथील पाखरांस मुंगूस, बाऊल, साप ह्यांचा पिढ्यान्‌पिढ्या परिचय आहे. तेव्हा मॅरियनची गोष्ट जशीच्या तशी येथे लावणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु रानातले मांजर भक्ष्य मिळेल तेवढेच वाढते. आपण सोडलेल्या मांजरास मात्र उकिरड्याचे अन्न बारमाही मिळते.

घरात एक-दोन मांजरे ठेवावीत, त्यांस पोटभर घालावे आणि रात्री आत घ्यावे. पशुवैद्याकडून मांजरीची शस्त्रक्रिया करून घेतल्यास पोत्याचा प्रसंगच येत नाही. तिने उंदीर धरणे सोडले, अशी तक्रार पुष्कळ बायका आगाऊच करतात. तीत तथ्य नाही, कारण शिकारीची ओढ शस्त्रक्रियेने जात नाही. धान्य पत्र्याच्या कोठीत घट्ट झाकून ठेवले आणि शिळेपाके परसात टाकणे बंद केले, तर मांजराचे निम्मे काम आपणच केले असे होते.

उरलेले काम करावयास घुबड आहे. गव्हाणी घुबडाचे भक्ष्य मुख्यत्वे उंदीरच, आणि पिले असताना नर-मादी रात्रभर त्यांच्यासाठी उंदीर आणीत असतात. पण पडक्या वाड्याच्या कोनाड्यात ते बसलेले दिसले, की अशुभ म्हणून त्यास दगड मारून हुसकावणारी आपणच माणसे, आणि मग उंदीर फार झाले म्हणून शेजारणीकडे मांजराचे पिलू मागावयास जाणारीही आपणच.