विमानांतील शुद्धि : स्पर्शाची कीं श्वासाची?

गेल्या वैशाखांत आमच्या पुतण्याच्या मुलाची मुंज बंगळुरास होती. आमच्या थोरल्या भगिनी अक्का यांनीं तेथें जावें कीं न जावें, हा प्रश्न पंधरा दिवस घरांत घोळत होता. अक्कांचें वय चौऱ्याहत्तर, दम्याचा विकार जुना. आणि २०२१ सालीं करोनाच्या दुसऱ्या लाटेंत त्यांचे यजमान निवर्तले, तेव्हांपासून जेथें माणसें दाटीनें बसतात तेथें जावयास त्या भितात. आगगाडीचा लांबचा प्रवास त्यांस सोसणारा नव्हता. राहतां राहिलें विमान. "बाळ, त्या बंद डब्यांत कोण खोकलें तें कोणास ठाऊक? तूं शिकलेला आहेस. नीट पाहून काय तें मला सांग," असें त्या म्हणाल्या. त्यांच्यासाठीं आम्हीं जी माहिती गोळा केली, ती इतर घरांसहि उपयोगी पडेल असें वाटून वाचकांपुढें ठेवीत आहों.

२०२० सालच्या मार्च महिन्यांत संशोधकांस प्रयोगशाळेंत असें आढळून आलें कीं, हा विषाणु प्लास्टिक व पोलाद यांवर ७२ तासांपर्यंत टिकूं शकतो. त्या एका बातमीनें सारें जग फडकीं घेऊन पुसावयास लागलें. आपल्या देशांत २५ मार्चपासून बंद पडलेलीं अंतर्गत विमानें २५ मे रोजीं पुन्हा उडूं लागलीं, तेव्हां प्रवाशांचा गेलेला धीर परत आणणें हें विमान कंपन्यांपुढें मोठेंच काम होतें. हात टेकण्याच्या दांड्या, पट्ट्यांचीं बकलें, समोरचीं फळकुटें, सामानाचे खण, शौचकूपाच्या कड्या, सर्व कांहीं जंतुनाशकानें पुसलें जाऊं लागलें. कोठें विद्युद्भारित तुषार उडविणारे पंप आले. विद्युद्भारामुळें ते तुषार वस्तूच्या मागल्या अंगासहि जाऊन चिकटतात. अमेरिकेंत हनिवेल कंपनीनें त्याच वर्षीं अतिनील किरणांचें यंत्र पुढें आणलें. जेवणाच्या ढकलगाडीएवढें हें यंत्र दोहों बाजूंस लांब हात पसरून रिकाम्या विमानांतील बैठकांमधून चालवीत नेतात.

या उपायांस मर्यादा आहेत. विमान म्हणजे घराची फरशी नव्हे. तीव्र द्रव्यांनीं ॲल्युमिनियम गंजतें, अल्कोहोल पेट घेतें, आणि विजेच्या उपकरणांत ओल शिरली तर अनर्थ ओढवतो. म्हणून वाटेल तेथें शिंपडण्यापेक्षां ओलसर फडक्यानें पुसणेंच हितावह. किरणांचें म्हणाल, तर ते जेथें पडतात तेथेंच शुद्धि. दांडीखालच्या सावलींतील जंतु सुखरूप राहतात.

मग एप्रिल २०२१ मध्यें अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें एक गोष्ट स्पष्ट सांगितली. दूषित वस्तूस एकदां हात लागल्यानें हा रोग जडण्याचा संभव सामान्यतः दहा हजारांत एकाहूनहि कमी आहे. हात धुवावे, बैठका पुसाव्या. त्यानें दुसरे पुष्कळ रोग टळतात. परंतु या रोगाचा राजमार्ग स्पर्श नसून श्वास आहे.

तेव्हां विमानांतील वारा कसा खेळतो हें पाहणें आलें. बहुतेक विमानांत बाहेरची हवा इंजिनांत दाबली जाऊन तापते, मग थंड होऊन आंत येते. आंतल्या वाऱ्यापैकीं सुमारें अर्धा असा बाहेरून आलेला आणि अर्धा आंतलाच गाळून घेतलेला असतो. ही गाळणी 'हेपा' नांवानें ओळखली जाते. मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर त्यांतील तीन भागांएवढ्या सूक्ष्म कणांपैकीं दर दहा हजारांतील ९,९९७ ती अडविते. वारा छताजवळून खालीं उतरतो व पायांपाशीं असलेल्या फटींतून निघून जातो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो फारसा वाहत नाहीं. तासांत वीस ते तीस वेळां आंतली हवा बदलते. दारें-खिडक्या लावून घेतलेल्या आपल्या दिवाणखान्यांत याच्या जवळपासहि हवा बदलत नाहीं.

पण हा वारा बंद पडला तर काय होतें? १९७७ सालच्या मार्चमध्यें अलास्कांत एक जेट विमान उड्डाणाच्या वेळीं इंजिन बिघडल्यामुळें तीन तास जमिनीवर अडकून पडलें. त्यावर ५४ माणसें होतीं. त्यांतील एकास इन्फ्लुएंझा झालेला होता, आणि वारा खेळविणारी यंत्रणा त्या वेळांत बंद होती. तीन दिवसांच्या आंत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. जे अधिक वेळ आंत बसून राहिले, त्यांच्यांत आजाऱ्यांचें प्रमाणहि अधिक निघालें. अशा विमानाचा कोपरान् कोपरा औषधानें धुतला असता, तरी त्या प्रवाशांस त्याचा काय उपयोग झाला असता?

वारा चालू असला म्हणजे सर्व भय सरलें असेंहि नाहीं. १ मार्च २०२० रोजीं लंडनहून हनोईस निघालेल्या विमानांत एका आजारी प्रवाशापासून १५ जणांस करोनाची बाधा झाली, असें तपासांत दिसून आलें. त्यांपैकीं १२ जण त्याच वर्गांत बसलेले होते. प्रवास दहा तासांचा, आणि तोंडावर पट्टी बांधण्याची सक्ति तेव्हां नव्हती. जवळच्या माणसाचा उच्छ्वास गाळणीपर्यंत पोंचण्यापूर्वीं आपल्या नाकापर्यंत पोंचूं शकतो, हा त्याचा अर्थ. आपल्याकडे विमानांतील मुखपट्टीची सक्ति नोव्हेंबर २०२२ मध्यें उठली. परंतु वृद्धांनीं व दमेकऱ्यांनीं ती आपल्या इच्छेनें बांधावी हें उत्तम.

ही माहिती ऐकून अक्कांनीं जाण्याचें ठरविलें, आणि आम्ही उभयतां त्यांच्या सोबतीस निघालों. पुण्यास दारें लागल्यावर विमान बराच वेळ उभेंच राहिलें. डोक्यावरच्या झडपेंतून वारा येईना. वैशाखाचा उकाडा, मागें कोणीतरी खोकत होतें. आम्हीं परिचारिकेस विचारलें, "मुली, हा वारा केव्हां सुरू होणार?" ती पुढें जाऊन सांगून आली, आणि थोड्याच वेळांत झडपेंतून गार झोत आला. कंपनीचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. नम्रपणें विचारण्यांत संकोच बाळगूं नये, एवढेंच वाचकांस सांगावयाचें आहे.

त्या झडपेखालीं हात धरून अक्का म्हणाल्या, "असा वारा त्या वर्षीं आपल्या माजघरांत असता, तर?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. त्या वर्षीं घरांत आलेली प्रत्येक पिशवी आम्ही धूत होतों, भाजीहि साबणाच्या पाण्यांतून काढीत होतों. आणि रोज सायंकाळीं डांस येतात म्हणून खिडक्या लावून, त्याच माजघरांत चौघे पत्ते खेळत बसत होतों. अक्कांचे यजमान त्या चौघांत होते. सर्वांत आधीं ताप आम्हांस आला होता.

योगशास्त्रांतील पांच नियमांत शौचास पहिलें स्थान आहे, आणि आपल्या घराण्यांनीं तें सोवळ्याओवळ्याच्या रूपानें पाळलें. पण आपलें सोवळें सारें स्पर्शाचें. त्यापायीं माणसांनाहि आपण दूर ठेविलें. तो अन्याय होता, हें आतां निराळें सांगावयास नको. त्याच संवयीनें आपण या विषाणूकडेहि पाहिलें, आणि वाऱ्याची वाट मात्र बंद करून बसलों.

मुंज यथासांग झाली, अक्का सुखरूप परतल्या. पत्त्यांचा डाव आतां पुन्हा पडतो. खिडकीस आम्हीं जाळी बसवून घेतली आहे. अक्का आधीं उठून ती खिडकी उघडतात, आणि मगच पानें वांटतात.