पाण्याचा रेणू वाकडा का?

पाणी द्रवरूप, कार्बन डायऑक्साइड वायुरूप. दोहोंचे रेणू तीन-तीन अणूंचेच; मग हा भेद कशामुळे?

दोन अणूंना जोडणारी इलेक्ट्रॉनांची जोडी आपल्याकडे ओढण्याच्या अणूच्या शक्तीस विद्युत्-ऋणता म्हणतात. तिची मोजणी लायनस पॉलिंग ह्यांनी १९३२ साली सुरू केली. ऑक्सिजनची विद्युत्-ऋणता ३.४४, कार्बनची २.५५, हायड्रोजनची २.२०. म्हणून दोन्ही रेणूंत ऑक्सिजनवर अल्प ऋणभार येतो व प्रत्येक बंध ध्रुवीय होतो.

परंतु कार्बनापाशी मोकळी जोडी नसल्यामुळे त्याचे दोन्ही बंध परस्परविरुद्ध दिशांस, एका सरळ रेषेत राहतात. दोन्हीकडील ओढ एकमेकींस निष्फळ करते. पाण्यातील ऑक्सिजनभोवती मात्र बंधांच्या दोन जोड्यांखेरीज दोन मोकळ्या जोड्या असतात. सर्व जोड्या एकमेकींना दूर सारतात. चारही सारख्या असत्या, तर त्यांच्यात १०९.५ अंशांचा कोन राहिला असता. मोकळ्या जोड्यांचा रेटा अधिक, म्हणून बंधांमधील कोन १०४.५ अंशांवर येतो. रेणू वाकडा असल्याने ओढ शिल्लक उरते. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे आकर्षिला जातो. ही पकड नसती, तर नेहमीच्या तापमानास पाणी वायुरूपच राहिले असते; पृथ्वीवर ना नदी असती, ना समुद्र.