बंदी घातल्यावर द्वेष कमी होतो का? आधी सांगा, मोजलं कुठे?

ऑनलाइन चर्चागटांमधली राजकीय कट्टरता आणि प्रचार या विषयात संशोधन करायचं म्हटलं, की बहुतेकांना पहिला प्रश्न हाच सुचतो: असे गट बंद केले तर उपयोग होतो का? प्रश्न चांगला आहे. पण यावरचे दोन गाजलेले अभ्यास वरवर वाचले, तर एक 'हो' म्हणतो आणि दुसरा 'नाही' म्हणतो असं वाटतं. खरं तर दोघांनी वेगवेगळ्या जागी मोजमाप केलंय. ते कसं, ते आज बघू.

पहिला अभ्यास रेडिटवरचा. रेडिट म्हणजे हजारो छोट्या चर्चागटांचं मिळून बनलेलं अमेरिकन संकेतस्थळ. २०१५ मध्ये कंपनीनं तिथले काही गट बंद केले. त्यातले दोन गट एश्वर चंद्रशेखरन आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाला घेतले. एकात लठ्ठ माणसांची हेटाळणी चालायची, दुसऱ्यात कृष्णवर्णीयांबद्दल उघड वंशद्वेष. १० कोटींहून जास्त पोस्ट आणि कॉमेंट्सचा हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. 'द्वेषपूर्ण भाषा' मोजायची कशी? त्यांनी याच दोन गटांत वारंवार येणारे, पण रेडिटवर इतरत्र क्वचित दिसणारे शब्द आधी काढले आणि मग ती यादी हातानं तपासून गाळली. पुढे या गटांतल्या सदस्यांची बंदीपूर्वीची आणि नंतरची भाषा तपासली, आणि तिची तुलना बंदी न आलेल्या, साधारण तशाच गटांतल्या सदस्यांशी केली. ही तुलना नसती, तर 'तेव्हा सगळीकडेच भाषा निवळली असेल' या आक्षेपाला उत्तरच नव्हतं.

निष्कर्ष असा निघाला: अपेक्षेपेक्षा जास्त खाती रेडिटवरून निष्क्रिय झाली. जी उरली, त्यांच्या लिखाणातले द्वेषाचे शब्द किमान ८० टक्क्यांनी घटले. ही मंडळी ज्या इतर गटांत गेली, तिथेही द्वेषाच्या भाषेत लक्षणीय वाढ दिसली नाही.

म्हणजे बंदी यशस्वी? रेडिटपुरतं, हो. पण हा ८० टक्क्यांचा आकडा 'जे राहिले' त्यांचा आहे. जे निघून गेले, ते या आकड्यात नाहीतच. आपण दुसऱ्याच्या अंगणात कचरा लोटला असेल, ही शक्यता खुद्द लेखकांनीही मान्य केली आहे.

दुसरा अभ्यास नेमका त्या अंगणात जाऊन बघतो. मानोएल होर्टा रिबेरो आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२१ चा. रेडिटवर कारवाई झाल्यावर स्वतःच्या वेगळ्या संकेतस्थळांवर गेलेले दोन समुदाय त्यांनी घेतले: ट्रम्प समर्थकांचा 'द डोनाल्ड' आणि स्त्रीद्वेषासाठी कुप्रसिद्ध असलेला 'इन्सेल्स'. नव्या जागी दोन्हींचं बळ घटलं. पोस्ट कमी, सक्रिय सदस्य कमी, नवे येणारेही कमी. पण 'द डोनाल्ड'मधल्या लोकांच्या लिखाणात विखार आणि कट्टरतेच्या खुणा वाढल्या.

इथे एक सापळा आहे. आमटी जास्त आटली की खारट लागते, पण मीठ कुणी वाढवलेलं नसतं. पाणी उडून गेलेलं असतं. समजा, एका गटात १००० सदस्य आहेत आणि त्यातले १०० कट्टर. बंदीनंतर नव्या जागी फक्त २०० आले, त्यातले ८० कट्टर. कट्टरांचं प्रमाण १० टक्क्यांवरून थेट ४० टक्क्यांवर गेलं, संख्या मात्र १०० वरून ८० वर आली. कुणाचंही मत बदललेलं नाही! 'गट आणखी कट्टर झाला' आणि 'माणसं आणखी कट्टर झाली' ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसरं विधान करायचं असेल, तर तीच माणसं आधी आणि नंतर तपासावी लागतात. म्हणूनच या अभ्यासात अख्ख्या गटाबरोबरच, दोन्हीकडे सापडलेल्या त्याच सदस्यांचंही लिखाण स्वतंत्रपणे तपासलं आहे.

हा काथ्याकूट नुसता आकडेमोडीसाठी नाही. ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये जमाव संसदेच्या इमारतीत घुसला. त्याआधीच्या आठवड्यांत 'द डोनाल्ड'च्या नव्या संकेतस्थळावर हिंसेची भाषा चालू होती, आणि संसदेच्या चौकशी समितीच्या अहवालात तिची नोंद आहे. बंदीमुळेच हे घडलं, असं यावरून सिद्ध होत नाही. एका घटनेवरून कार्यकारणभाव ठरत नसतो. पण सरासरी उतरली म्हणून धोका उतरला, असंही म्हणता येत नाही. प्रचार किती जणांपर्यंत पोचतो हा एक प्रश्न, आणि उरलेले मोजके लोक काय करू शकतात हा दुसरा. धोरण ठरवणाऱ्याला दोन्हींची उत्तरं लागतात.

विषय निवडण्याआधी एक व्यावहारिक गोष्टही लक्षात घ्या. अशा अनेक अभ्यासांचा आधार असलेल्या 'पुशशिफ्ट' या संग्रहाचा रेडिटच्या डेटापर्यंतचा रस्ता २०२३ मध्ये कंपनीनं बंद केला. फेसबुकसाठी वापरलं जाणारं 'क्राउडटँगल' २०२४ मध्ये बंद झालं. त्यामुळे 'डेटा मिळेलच' असं गृहीत धरून प्रस्ताव लिहू नका. मार्गदर्शकांकडे जाण्याआधी डेटा कुठून आणि कोणत्या अटींवर मिळणार, याची खात्री करून घ्या.

आणि प्रस्तावात या तीन प्रश्नांची एकेका ओळीत उत्तरं लिहा. मी कुणाला मोजतोय: राहिलेल्यांना, गेलेल्यांना की दोघांना? माझी शब्दयादी कुणाच्या भाषेतून आली, आणि लोकांनी नवे सांकेतिक शब्द काढले तर ती चालेल का? तुलना कुणाशी? ही तीन उत्तरं जमली नाहीत, तर 'उपयोग होतो का' या प्रश्नाला हात घालायची वेळ अजून आलेली नाही.