कर्ज थकले, तरी खाते हवेच

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडमधल्या नारळी-पोफळीच्या आणि आंब्याच्या बागा आडव्या केल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि दुकानांतला माल चिखलात गेला. झाड गेले, माल गेला. हप्ता मात्र जागच्या जागी राहिला. रत्नागिरी जिल्ह्यातली कितीतरी थकीत कर्जे अशी आभाळातून आलेली आहेत. त्यात आळस नाही आणि उधळपट्टीही नाही.

आंबा बागायतदारावर तर एकाच हंगामाच्या भरवशावर तीन देणी असू शकतात: बँकेचे पीककर्ज, पतसंस्थेचे कर्ज आणि वाशीच्या दलालाची उचल. मोहोर गळाला की तिन्ही एकदम थकतात. अशा वेळी माणूस घराची, जमिनीची, जामीनदाराची आणि अब्रूची काळजी करतो. बँकेतल्या खात्याचा विचार सर्वांत शेवटी करतो. खरे तर तो सर्वांत आधी करायला हवा, कारण घरातली चूल त्या खात्यावर चालते.

पैसे येतात आणि वळते होतात

ज्या बँकेचे कर्ज थकले, तिथेच आपले बचत खाते असले तर काय होते? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७१ ने बँकेला ग्राहकाच्या ठेवलेल्या मालमत्तेवर धारणाधिकार दिला आहे. शिवाय खात्यातली शिल्लक थकबाकीपोटी वळती करून घेण्याचा हक्कही बँका वापरतात. चाकरमानी मुलाने मुंबईहून किराण्यासाठी पाठवलेली रक्कम अशा रीतीने कर्जखात्यात जाऊ शकते. त्यातच हप्त्यांची स्वयंचलित वजावट चालू असेल, तर ती प्रत्येक वेळी परत गेल्यावर दंड पडतो. किमान शिल्लक नसल्याचा आकार वेगळाच.

मूलभूत खाते म्हणजे काय

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००५ मध्ये 'नो फ्रिल्स' खात्यांची सुरुवात केली आणि १० ऑगस्ट २०१२ रोजी त्यांना 'मूलभूत बचत ठेव खाते' असे रूप दिले. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेली जनधन योजनेची खातीही याच कुळातली. या खात्याला किमान शिल्लक लागत नाही आणि उघडताना पैसे भरावे लागत नाहीत. कितीही वेळा पैसे जमा करता येतात, महिन्यातून किमान चार वेळा विनाशुल्क काढता येतात आणि एटीएम कार्ड मोफत मिळते. ही सर्वांसाठी असलेली नेहमीची बँकसेवा आहे. कर्ज थकले म्हणून हे खाते मागण्याचा हक्क जात नाही.

ओळखीची अधिकृत कागदपत्रे जवळ नसतील, तर बँक अधिकाऱ्यासमोर सही करून आणि फोटो देऊन 'छोटे खाते' उघडता येते. त्यात एका वेळी ५०,००० रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही. वर्षात एक लाखापर्यंत जमा आणि महिन्यात दहा हजारांपर्यंत उचल करता येते.

कुठे उघडावे

पहिला नियम सर्वांत महत्त्वाचा: ज्या बँकेचे आपण काहीच देणे लागत नाही, तिथे उघडा. जामीनदार म्हणून सही केलेली बँकही टाळा. पाटी बदलली म्हणून फसू नका. देना बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदामध्ये आहे. आपल्याकडची विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आहे. जुने कर्ज नव्या नावाच्या बँकेकडे गेलेले असते.

दुसरे, एका बँकेत असे एकच खाते ठेवता येते, आणि तिथे साधे बचत खाते आधीपासून असेल तर ते ३० दिवसांत बंद करावे लागते. तिसरे, पतसंस्थेतले खाते हा पर्याय नव्हे. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना मिळणारे विमा संरक्षण पतसंस्थेला नसते. चौथे, नवे खाते संयुक्त नावाने उघडू नका, नाहीतर भावाची किंवा पत्नीची शिल्लकही वादात सापडेल. पाचवे, जनधन खात्यावर पात्र खातेदाराला दहा हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो, पण तोही कर्जच आहे; तूर्त घेऊ नका.

खाते सुरू झाले की पगार, पेन्शन आणि सरकारी अनुदान तिकडे वळवा. जुने चेक कुणाकडे दिले आहेत ते लिहून काढा, कारण चेक न वटणे हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो.

हे लपवण्याचे साधन नव्हे

नव्या खात्याने कर्ज बुडत नाही आणि कोर्टाची जप्तीही टळत नाही. मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने माणसाच्या जगण्यापुरते काही राखून ठेवले आहे: पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश, सरकारी पेन्शन, भविष्य निर्वाह निधी, कारागिराची अवजारे. कोणती रक्कम कुठून आली हे पासबुकावरून दाखवता यावे, म्हणून स्वतंत्र खाते उपयोगी पडते.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेतली सामान्य व्यक्तींसाठीची प्रकरणे लागू झालेली नाहीत; १ डिसेंबर २०१९ पासून ती फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू आहेत. त्यामुळे रत्नागिरीतल्या कर्जदाराला नादारीसाठी १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखालीच जावे लागते. त्या अर्जात सगळी देणी, सगळी मालमत्ता आणि सगळी खाती लिहावी लागतात. मालमत्ता लपवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिकपणे सर्व मांडणाऱ्याला मात्र अटकेपासून संरक्षण आणि पुढे कर्जमुक्तीचा आदेश मिळण्याची वाट आहे. सरकारी देणी त्यानेही सुटत नाहीत.

कुणाकडे जावे

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण पात्र व्यक्तींना मोफत वकील देते; महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बँकेने खाते नाकारले तर लेखी कारण मागा आणि लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तोही पाठ असू द्या.

थकबाकीदार माणूस लाजेने बँकेची पायरी चढत नाही, आणि त्या लाजेची किंमत सगळे घर मोजते. तुमच्या घरात किंवा वाडीत कुणाचे हप्ते चुकू लागले असतील, तर त्याला उपदेश करू नका. आधार कार्ड आणि दोन फोटो घ्यायला सांगा आणि देणे नसलेल्या बँकेत स्वतः त्याच्यासोबत जा.