गोधडीचा भाव सांगताना मजुरी कुठे जाते?

महाड-पोलादपूरकडे घरी गोधडी शिवणाऱ्या तुम्ही पुष्कळजणी आहात. पण भाव विचारला की उत्तर ठरलेलं, "जुन्याच साड्या आहेत, द्या काय ते." अहो, साडी जुनी असेल, पण टाके तर तुम्ही आत्ता घातलेत ना!

हिशोब मांडा. समजा बाळाच्या गोधडीला हाताने धावदोरा घालायला १२ तास लागले. तासाचे फक्त ५० रुपये धरले तरी मजुरी ६००. अस्तर, दोरा, धुलाई मिळून १५० धरा. ७५० च्या खाली दिलीत तर पदरचे गेले. डबलबेडच्या गोधडीला याच्या कितीतरी पट वेळ, म्हणून सुरुवात लहानीनेच करा. उरलेल्या तुकड्यांचे बटवे होतात.

आपला पावसाळा मात्र विसरू नका. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाडचं काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. तयार माल माळ्यावर ठेवा. कापड दमट असताना शिवलंत तर आतल्या थरांना कुबट वास धरतो.

गिऱ्हाईक? रायगडावर आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणारी माणसं इथूनच जातात. गोधडीला चिठ्ठी लावा, किती तास लागले ते लिहा. आणि हो, उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका.