मूत्रपिंडातील सिस्ट : उपचार केव्हा आणि कोणता?

वार्षिक आरोग्य तपासणी आता व्यापारी कुटुंबांच्या अंगवळणी पडली आहे. पित्ताशय वा प्रोस्टेटची पाहणी करताना सोनोग्राफीत मूत्रपिंडावर ‘सिंपल कॉर्टिकल सिस्ट’ दिसते आणि घरात चिंता शिरते. वस्तुतः ती पाण्यासारख्या द्रवाने भरलेली, पातळ भिंतीची पिशवी असते. पन्नाशी उलटलेल्या अनेकांच्या मूत्रपिंडात ती आढळते. वेदना नसेल, मूत्रमार्गावर दाब नसेल, तर तिला हात लावण्याचे कारण नाही. ‘काहीच करू नका’ हा सल्ला पैसे मोजून घेतला की थोडा उणा वाटतो. पण ‘गाठ विरघळवणाऱ्या’ पुड्यांपेक्षा तो पुष्कळ मोलाचा आहे.

मात्र प्रत्येक सिस्ट साधी नसते. अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञ मॉर्टन बॉस्निॲक यांनी १९८६ मध्ये सिस्टची वर्गवारी मांडली. भिंतीची जाडी, आतील पडदे, कॅल्शियमचे थर आणि शिरेतून औषध देऊन केलेल्या सीटी स्कॅनमध्ये उजळणारा भाग यांवरून वर्ग ठरतो. पहिला व दुसरा वर्ग निर्धोक. पुढे जोडलेल्या ‘दोन-एफ’ वर्गातील सिस्टवर ठरावीक काळाने स्कॅन करून लक्ष ठेवावे लागते. तिसऱ्या वर्गातील सुमारे निम्म्या आणि चौथ्यातील बहुतेक सिस्ट कर्करोगाच्या निघतात. तेथे बहुधा दुर्बिणीने किंवा रोबोटच्या साहाय्याने तेवढाच भाग काढून उरलेले मूत्रपिंड वाचविण्याचा प्रयत्न होतो. म्हणून अहवालातील सेंटिमीटरपेक्षा हा वर्ग आधी विचारावा.

साधी सिस्ट मोठी होऊन कुशीत सतत दुखू लागली, वारंवार जंतुसंसर्ग झाला किंवा लघवीचा मार्ग दबू लागला, तरच उपचाराचा प्रश्न येतो. सर्वांत सोपा मार्ग सुईचा. सोनोग्राफीच्या आधारे पाठीकडून सुई घालून द्रव काढतात. मात्र नुसता द्रव काढल्यास पिशवी बहुतेक वेळा पुन्हा भरते, म्हणून आत मद्यार्क सोडून तो काही काळ ठेवतात व परत ओढून घेतात. त्यामुळे द्रव पाझरणारे अस्तर निकामी होते. मद्यत्यागाचा नियम असलेल्यांना यात संकोच वाटणे साहजिक आहे. त्यांनी तो डॉक्टरांपाशी मोकळेपणाने बोलून दाखवावा. पॉलिडोकॅनॉलसारखी अन्य द्रव्येही या कामी वापरली जातात.

सिस्ट फार मोठी असेल वा सुईनंतर पुन्हा भरली, तर पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीने तिचे छत कापून टाकतात. भूल पूर्ण द्यावी लागते, पण जखमा लहान असल्याने रुग्ण सहसा लवकर घरी परततो आणि सिस्ट पुन्हा भरण्याचा संभव सुईच्या मानाने कमी राहतो. कापलेला तुकडा तपासणीस पाठविला आहे ना, हे विचारून घ्यावे. मूत्रपिंडाच्या मध्यभागी, मूत्रनलिकेच्या मुखाशी असलेल्या सिस्टमध्ये मद्यार्क सोडणे धोक्याचे. तेथे काही वेळा मूतखड्यासाठी वापरतात तीच लवचीक दुर्बीण लघवीच्या मार्गाने नेऊन लेसरने सिस्टचे तोंड आत उघडतात. कोणताही मार्ग ठरला, तरी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास आधी सांगणे अत्यावश्यक आहे.

चौविहारामुळे सिस्ट होते, ही समजूत निराधार आहे. साधी सिस्ट वयाबरोबर येते. कमी पाण्याचा संबंध मूतखड्याशी अधिक आहे. दोन्ही मूत्रपिंडांत असंख्य सिस्ट असलेला आनुवंशिक विकार मात्र वेगळा. त्याच्या नेहमीच्या प्रकारात आईवडिलांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता निम्मी असते. सुई वा दुर्बिणीने त्यातील वेदना कमी होऊ शकते, विकार थांबत नाही. शरीरातील पाणी घटले की व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढते आणि ते या सिस्टच्या वाढीस चालना देते. अशा रुग्णाने निर्जळी उपवास स्वतःच्या मनाने करू नये. अठ्ठाईचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारावे आणि त्यांचे म्हणणे महाराजसाहेबांच्याही कानी घालावे. तिविहार उपवासात दिवसा उकळलेले पाणी घेता येते, हे तज्ज्ञांना ठाऊक असेलच असे नाही; तेही त्यांना सांगावे.