पडद्यावरच्या शेजाऱ्याला धक्का लागला तर?

व्हिडिओ गेममधल्या पात्राला अंग नसते. त्याला घाम येत नाही, धक्का लागला तर दुखत नाही. मग अशी दोन पात्रे समोरासमोर गप्पा मारत उभी राहिली, तर मध्ये किती जागा सोडतील? प्रश्न पोरकट वाटतो, पण निक यी, जेरेमी बेलेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मनावर घेतला आणि २००७ साली त्याचे उत्तर छापून आले.

त्यांनी निवडलेले ठिकाण म्हणजे ‘सेकंड लाइफ’ हे आभासी जग. तिथे जिंकायचे काही नसते. हवे ते रूप घ्यायचे, भटकायचे, बोलत बसायचे. कोण कुठे उभे आहे, कुणाचे तोंड कुठे आहे आणि कोण बोलते आहे, याची नोंद एक छोटा प्रोग्रॅम परस्पर करत गेला. दिसले ते असे : दोन पुरुष-पात्रे दोन स्त्री-पात्रांपेक्षा एकमेकांपासून जास्त लांब उभी राहत आणि एकमेकांकडे कमी बघत. शिवाय पात्रे जितकी जवळ येत, तितकी त्यांची तोंडे बाजूला वळत. मायकेल आर्गाइल आणि जॅनेट डीन यांनी १९६५ मध्ये माणसांबद्दल हेच मांडले होते. जवळीक नको इतकी वाढली की माणूस नजर काढून घेतो आणि तोल सांभाळतो. लोकलच्या डब्यात छातीला छाती लागलेले दोन प्रवासी एकमेकांकडे कधीच बघत नाहीत, ते याच कारणाने. गंमत अशी, की अशा खेळात खेळणारा सहसा आपल्या पात्राला मागून पाहतो. पात्राच्या डोळ्यांतून कुणीच बघत नसते, तरी त्याची नजर चुकवली जाते.

याला जोडून दुसरा प्रश्न येतो. उंची उसनी मिळाली तर स्वभावही बदलेल का? यी आणि बेलेन्सन यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काहींना समोरच्या पात्रापेक्षा दहा सेंटिमीटर उंच, तर काहींना तेवढेच बुटके रूप दिले आणि पैशांच्या वाटणीची घासाघीस करायला लावली. उंच रूपातले लोक स्वतःकडे जास्त ओढू लागले. बुटक्या रूपातल्यांनी उघड अन्यायाची वाटणीही इतरांपेक्षा सहज मान्य केली. खऱ्या उंचीचा यात संबंध नव्हता.

या साऱ्या प्रश्नांत सर्वांत मोलाचा ठरलेला प्रश्न मात्र कुणी विचारलाच नव्हता. तो एका चुकीमुळे उभा राहिला. सप्टेंबर २००५ मध्ये ब्लिझार्ड कंपनीने ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात हक्कार नावाचा नवा राक्षस आणला. तो लढताना ‘करप्टेड ब्लड’ हा शाप टाकी. शाप लागलेल्याची ताकद झरझर उतरे आणि जवळ उभ्या असलेल्यांनाही तो लागे. कसलेल्या खेळाडूंना यात फार धोका नव्हता, आणि लढाईची जागा सोडली की शाप उतरावा अशी योजना होती. पण खेळाडूंनी पाळलेल्या प्राण्यांचा विचार राहून गेला. लढाईत बाधा झालेला प्राणी परत पाठवला आणि नंतर भर शहरात पुन्हा बोलावला, की तो शाप जसाच्या तसा बरोबर घेऊन येई. मोठ्या शहरांत गर्दी होती. नवशिके खेळाडू काही क्षणांत मरू लागले. खेळातले दुकानदार आणि पहारेकरी ही संगणकाने चालवलेली पात्रे मरत नव्हती, पण बाधा मात्र पसरवत होती. लक्षणे नसलेले रोगवाहक आपोआप तयार झाले होते.

यानंतर लोक कसे वागले हे सांगणारा कोणताही नियम खेळात नव्हता. उपचार करण्याची शक्ती असलेले काही खेळाडू धावत मदतीला आले, मरणाऱ्यांना जगवत राहिले. पण त्यामुळे बाधित पात्रे जास्त वेळ फिरत राहिली आणि साथीला हातभारच लागला असावा. काहींनी शहरे सोडून रानात मुक्काम हलवला. काही जण बाधा अंगावर घेऊन मुद्दाम गर्दीत शिरले. कंपनीने विलगीकरणाची विनंती केली, ती फारशी कुणी जुमानली नाही. शेवटी सर्व्हर नव्याने सुरू करावे लागले, पाळीव प्राण्यांना शाप लागणार नाही अशी दुरुस्ती झाली आणि साथ संपली. खऱ्या जगातल्या कोणत्याही आरोग्य खात्याला हा उपाय उपलब्ध नाही.

इस्रायलचे साथरोगतज्ज्ञ रॅन बॅलिसर यांनी २००७ मध्ये या घटनेवर लिहिले. प्राण्यांतून माणसांत येणारा रोग आणि क्षणात दूरच्या शहरी पोचवणारा प्रवास, या दोन्ही बाबतींत त्यांना बर्ड फ्लू आणि सार्स यांच्याशी साम्य दिसले. त्याच वर्षी एरिक लॉफ्ग्रेन आणि नीना फेफरमन यांचा लेख ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’ या नियतकालिकात आला. साथीच्या गणिती प्रारूपांत माणसे बहुधा ठरलेल्या दराने एकमेकांना भेटतात. ‘नेमके काय चालले आहे ते जरा बघून येऊ’ म्हणून बाधित शहरात डोकावणारा आणि बाधा घेऊन परतणारा बघ्या त्या समीकरणांत नसतो. खेळात असे बघे होते. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा पंधरा वर्षांपूर्वीची ही खेळातली साथ पुन्हा चर्चेत आली, ते उगाच नाही.

आक्षेप उघड आहे : खेळात मेलेला माणूस पुन्हा उठतो, म्हणून तो बेफिकीर वागतो. आक्षेप खरा आहे, पण पुरता नाही. पात्र घडवायला महिनोन्महिने लागलेले असतात आणि ते गमावणे खेळाडूंना लागतेच.

मग ते सगळेच पुसले जाणार असे आधीच कळले तर? ‘आर्कएज’ या कोरियन खेळाच्या चाचणी-काळात हेच घडले. ठरलेल्या दिवशी सगळी प्रगती पुसली जाणार, हे खेळाडूंना माहीत होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या सत्तावीस कोटींहून अधिक कृतींच्या नोंदी तपासल्या गेल्या. कायदा संपला म्हणून सरसकट कापाकापी झाली नाही. काही थोडे हिंसक झाले. आणि शेवटपर्यंत थांबणाऱ्यांपेक्षा आधीच खेळ सोडून जाणाऱ्यांत वाईट वागणारे जास्त निघाले. बाकीच्यांनी पुढची पातळी गाठण्याचा, कामगिऱ्या पुऱ्या करण्याचा नाद सोडला. उद्याच नाही म्हटल्यावर मेहनत कोण करणार?

आतापर्यंतच्या प्रत्येक प्रश्नात पात्रामागे माणूस होता. तो काढून टाकला तर काय उरते, हे २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या जून सुंग पार्क आणि सहकाऱ्यांनी पाहिले. ‘स्मॉलव्हिल’ नावाच्या चित्रमय गावात त्यांनी पंचवीस पात्रे सोडली. त्यांचे बोलणे-चालणे भाषा-प्रारूप ठरवत होते. एका पात्राला व्हॅलेंटाइन डेची पार्टी द्यायची इच्छा आहे, एवढेच सुरुवातीला सांगितले होते. बातमी तोंडोतोंडी पसरली, बारा जणांना आमंत्रण गेले आणि पाच जण आले. न आलेल्यांपैकी तिघांनी दुसरे काम असल्याचे कारण दिले. चौघांनी आधी उत्सुकता दाखवली होती, पण ते फिरकलेच नाहीत. लग्नकार्यात पानांचा हिशेब करणाऱ्याला हे प्रमाण ओळखीचे वाटेल.

साध्या गोष्टींत मात्र ही पात्रे अडखळली. संध्याकाळी पाचला बंद झालेल्या दुकानांत ती शिरत. वसतिगृहातले स्नानगृह एका वेळी एकानेच वापरायचे होते. पण वसतिगृहांत अशी जागा बहुधा सामायिक असते, म्हणून आत कुणी असतानाही दुसरे पात्र दार उघडून आत जाई. संशोधकांनी सुचवलेला उपाय सरळ होता. त्या जागेचे वर्णन बदलायचे, आणि ते एकट्याचे स्नानगृह आहे असे स्पष्ट लिहायचे.